शेंदऱ्या

भाच्यानं नागपूरहून आणला तेव्हा पिंजऱ्यावर चादर होती
आणि चादरीखाली कुणीतरी गंजलेलं फाटक
उघडत होतं, लावत होतं, उघडत होतं.
"मामाजी, फ्लॅटमध्ये शेजारी तक्रार करतात.
तुमच्याकडं तसाही चक्कीचा आवाज."

चादर काढली.
आंबिया बहाराचं एक संत्र अंगणात बसलं होतं,
डोक्याकडून पिकलेलं,
पंखांच्या टोकांना अजून कच्चं हिरवं.

दळण ठेवून गाव पाहायला आलं.
"राघू असा पिवळा राह्यते काय बाप्पा?
हळद लागली वाट्टे त्याले!"
झिंगराजी म्हणाले, "पंख काप, नाई तं उडून जाईन.
आन् मिरची चार. मिरचीनं बोलते."
मिरची त्यानं आवडीनं खाल्ली.
बोलला नाही.
झिंगराजींचं बोट तेवढं फोडलं.

पहिल्या महिन्यात मी चुकलोच.
चक्कीतच टांगला, येणाऱ्याजाणाऱ्याची सोबत म्हणून.
शेंदरी पिसं पांढरी झाली, शिंका सुरू झाल्या.
गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले,
"मी बैल ओळखतो, म्हैस ओळखतो, हा माझ्या वहीत नाही.
पण पिठात कोणाचंच फुप्फुस टिकत नाही, इंगोलेजी.
तुमचंही नाही."
मग तो मागच्या खोलीत गेला
आणि मी नाकाला रुमाल बांधायला लागलो,
एकवीस वर्षांनी.

सुनेनं पाठवलेला काळा गुळगुळीत तवा
माळ्यावर गेला. त्याचा धूर याला मारतो म्हणे.
पुन्हा लोखंडी तवा, पुन्हा करपलेली भाकर,
आणि भाकरीवर याचा डोळा.
सातला अंधार करायचा, सातला म्हणजे सातला.
मालिका बघायची तर शेजारी जाऊन.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर.
ओलं पोतं, कूलर, परातीत पाणी;
परातीत उतरून तो असा फडफडायचा
की भिंतीवर पाऊस पडायचा.
रात्री दोनला लाइट गेली
आणि मी पुठ्ठा हलवत बसलो पहाटेपर्यंत.
असा पुठ्ठा मी एकदाच हलवला होता याआधी,
एका माणसासाठी.

भाद्रपदात नव्हे, फाल्गुनात, उईक्यांचा पोरगा
गमछ्यात काहीतरी घेऊन आला.
उघड्या अंगाचं, डोळे मिटलेलं, मानेचं ओझं न पेलणारं.
"याच्या सोबतीले आणलं, काका. राघूचं हाय."
मी शिडी काढली.
कडुनिंबाच्या ढोलीपाशी त्याची आई
आख्खं शिवार डोक्यावर घेऊन ओरडत होती.
पोरानं वर चढून पिल्लू आत ठेवलं,
मी खाली शिडी धरून.
घरातून शेंदऱ्या तिला उत्तर देत होता
त्याच्या गंजल्या फाटकाच्या भाषेत.
ती त्याला कळली नसावी. तो तिला नक्कीच नाही.

"सोडून द्या ना मग यालाही," कुणी म्हणतं.
आचलनं शाळेच्या नकाशात त्याचा मुलूख दाखवला,
समुद्रापलीकडं, बोटभर हिरवा.
तिथं तो कधी गेलेला नाही,
आणि इथल्या आभाळात त्याचं कोणी नाही.
वनखात्याच्या कागदावर त्याच्यापुढं
माझं नाव आहे. एवढंच.

तो चार वर्षांचा. जगतो पंचवीस, तीससुद्धा.
मी एकसष्ट.
उधारीच्या वहीत हा हिशोब तीनदा मांडला,
तीनदा तेच आलं.
शेवटच्या पानावर लिहून ठेवलं:
हुरडा आवडतो. तुरीच्या ओल्या शेंगा, सोलू नका, तोच सोलतो.
संत्री फवाऱ्याची असतात, धुऊन द्या.
लाल बांगड्यांना भितो.
एकटं फार ठेवू नका.

आचलला विचारलं. आठवीत आहे, हात शांत आहेत तिचे.
ती म्हणाली, "विचार करून सांगते."

मला बरं वाटलं.
भाच्यानं दुकानात एका मिनिटात हो म्हटलं होतं.

पंधरा दिवस झाले, अजून विचार करते आहे.
रोज येते, बांगड्या काढून कोनाड्यात ठेवते,
हात धुते,
आणि पिंजऱ्याच्या उघड्या दाराशी
एक बोट धरून उभी राहते,
तो येईपर्यंत.