सापडलं नाही

फेरो बेटांवरच्या एका बंदरात,
मासळीच्या वजनकाट्यामागच्या खोलीत
रानवॉ सकाळपासून एकच वाक्य वाचते आहे :
सापडलं नाही.

जुना संगणक फेब्रुवारीत गेला.
नव्यावर तो प्रोग्रॅम पुन्हा उभा करायचाय
दोन बेटांमधलं पाणी किती वाजता कूस बदलेल ते सांगणारा.
सोर्स आहे. उघडा आहे, फुकट आहे.
कुणीही घ्यावा, कुणीही बांधावा,
असं पहिल्याच फाईलमध्ये मोठ्या मनानं लिहिलंय.
आणि खाली, बारीक अक्षरांत :
बांधण्याआधी हे आणा.

हे म्हणजे सहा नावं.
चार आली हाकेसरशी.
पाचवं म्हणालं, मी आहे की, पण पुढच्या आवृत्तीतलं.
तुला हवं ते फंक्शन
मागच्याच वर्षी काढून टाकलं.
सहाव्याला स्वतःचीच आणखी तीन हवीत,
त्यांतल्या एकाला पुन्हा पाचवंच,
पण जुनं.

होग्नी खांद्यावरून डोकावतो, हातात कॉफी.
एवढा आटापिटा कशाला? तयार पॅकेज उतरवून घे.
ती म्हणते, तयार पॅकेजमध्ये आपलं पाणी नाही.
आपल्या सामुद्रधुनीची खोली
कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी
थेट सोर्समध्ये लिहून ठेवलीय, वावांमध्ये.
होग्नी कॉफी पितो. वाव म्हणजे किती, हे विचारत नाही.

पुन्हा चालवते. पडद्यावर
होय
होय
होय (वाट दुसरी, पण होय)
होय
नाही.

लायब्ररी आहे, हेडर नाही.
म्हणजे माणूस घरात आहे
आणि दाराला कडी.
ती हेडरचं वेगळं पॅकेज आणते,
रस्ता हातानं लिहून देते : इथे बघ. इथेही बघ.
आता तक्रार वेगळी. प्रगतीच म्हणायची.

सहावं मात्र कुठेच नाही.
ते लिहिणारा वाल्दिव्हियाचा,
पृथ्वीच्या पार खालच्या टोकाचा.
त्याचं पान उघडत नाही,
त्याचा पत्ता पत्र परत पाठवतो.
दुपारी दोनला, टेपपट्ट्यांच्या खोक्यात
एक सीडी मिळते. वर शाईनं : फेकू नये.
अक्षर कुणाचं, कार्यालयात कुणालाच ओळखू येत नाही.

फाईल उघडते. एकशे चाळिसाव्या ओळीवर
त्या माणसानं स्पॅनिशमध्ये लिहिलंय,
ती शब्द शोधून शोधून लावते :
हे का चालतं मला ठाऊक नाही.
हात लावू नका. इथे फार थंडी आहे.

ती हात लावत नाही.
खोलीतला हीटर एक घर वाढवते.

आता प्रश्न : हे बाहेरच ठेवायचं,
की आपल्याच फोल्डरमध्ये कायमचं घ्यायचं?
बाहेर ठेवलं तर पुन्हा एखाद्या फेब्रुवारीत
कुणीतरी इथे बसेल, सकाळपासून.
आत घेतलं तर त्याचं दुखणंखुपणं आपलं,
त्याची न कळलेली एकशे चाळिसावी ओळही आपली.
होग्नी म्हणतो, उसनं आहे ते, उसनंच राहू दे.
ती म्हणते, परत कुणाला करू?

तीन चाळीसला बांधून होतं.
इशारे सत्तावीस, चूक एकही नाही.

फोन वाजतो. होडीवरून बॉरुर.
नमस्कार नाही, काही नाही. किती वाजता?
चार बारा, ती सांगते.
तो ठेवून देतो.

मग ती एका कागदावर सहा नावं लिहिते,
प्रत्येकापुढे आवृत्ती, बिंदूंसकट.
सहाव्यापुढे : आत ठेवलंय, काही दुखलं तर फोन करा.
आधी कार्यालयाचा नंबर.
मग वाल्दिव्हियाचं ते न उघडणारं पान आठवून
शेजारी स्वतःचाही.

खिडकीतून दिसतं, बोयं आळसावतात,
उभे राहतात, मान दुसरीकडे करतात.
घड्याळात चार चौदा.

दोन मिनिटं.
खोलीची चूक, घड्याळाची,
की त्या थंडीत बसलेल्या माणसाची,
ते उद्या.