सतरावी कृती

सन त्रेचाळीस, अमळनेर.
बाप छापखान्यात खिळे जुळवायचा
आणि शाई फाकलेले, चुकलेले कागद
रात्री घरी आणायचा, चूल पेटवायला.

त्यातच एकदा एक पुस्तक आलं,
शिवण नसलेलं, कडा न कापलेलं:
‘लढाईतला स्वयंपाक’, किंमत दोन आणे,
लिहिणार पुण्याच्या सौ. कृष्णाबाई गुर्जर.
माय म्हणाली, थांब, हे जाळू नको. वाच.

मी चौथीत होते. मी वाचायचे,
ती भाकरी थापायची.
पहिली चार पानं
तांदळाऐवजी ज्वारी कशी वापरावी याचीच.
माय इतकी हसली की परातीत पीठ उडालं.
‘तांदूय आठे कोनी देखा व्हता?’
पुढे लिहिलं होतं, कोंडा फेकू नये.
कोण फेकतं? शेजारच्या ठगूबाईच्या दारात
बकरीसुद्धा कोंड्याची वाट बघून
शेवटी दोरी चावायची.
चहाचा एक पेला पीठ घ्यावे.
माय म्हणे, पेला त्यांच्याकडे, पीठही त्यांच्याकडे,
आमच्याकडे मूठ आहे, लिही म्हणावं, मूठ.

तरी ती ऐकायची. रोज एक.
गवारीच्या शिरांचं पाणी.
केळीच्या सालींची चटणी, तीळ असल्यास तीळ.
तिसऱ्या दिवशी पानात एक बदल दिसला,
डाळीची डाल झाली, केळ्याचं केलं,
गूळ गेला आणि गूल आला.
बाप म्हणाला, ‘ळ’चा खण रिकामा झालाय,
स्वयंपाकाचं पुस्तक ‘ळ’ फार खातं,
नवे खिळे मुंबईहून येत नाहीत,
शिसं सगळं बंदुकीच्या गोळ्यांत गेलं.

आमच्या घरी त्याची टंचाई कधी नव्हतीच.
माय डाळीला डाय म्हणायची, डोळ्यांना डोया,
‘ळ’ तिला लागतच नसे.
मी मात्र छापलं तसंच वाचायचे, डाल, गूल,
बोबड्या पोरासारखं,
आणि धाकटा सुपडू खोऱ्याने हसायचा.

सतरावी कृती होती ज्वारीच्या कण्यांची.
कण्या भाजाव्यात, वास सुटेपर्यंत.
दुप्पट पाणी घालावे. झाकण ठेवावे.
वाफ धरल्यावर त्यात
आणि पान संपलं.
पुढचं पान नव्हतं. कागदाचाही कोटा होता.

मायचा हात पळीवर थांबलेला.
‘फुडे?’
सुपडू भुकेला होता. कण्या फिक्या होत्या.
शिंक्यावरच्या गाडग्यात
आखाजीसाठी राखलेला खडा होता,
मुंग्यांनाही ठाऊक होता.
मी कागदाच्या फाटक्या कडेवर बोट ठेवलं
आणि शाळेतल्यासारखं, ठासून वाचलं:
‘वाफ धरल्यावर त्यात गूळ घालावा. भरपूर.’

चुलीतली काटकी तडतडली.
माय माझ्याकडे बघत राहिली.
‘सगया पुस्तकमा गूल,
आठेच गूळ कसा व्हयना?’
तिच्या तोंडून तो ‘ळ’ मी पहिल्यांदाच ऐकला,
स्वच्छ, जिभेचं टोक वर वळवून.

मी मान खाली घातली. पाठीत धपाटा येईल म्हणून
खांदे आवळून बसले.
गाडगं उतरल्याचा आवाज आला,
मग वरवंटा, एकदाच.

रात्री उशिरा बाप आला.
काळ्या बोटांनी पहिला घास घेतला, थांबला.
कितवी?
सतरावी, माय म्हणाली.
‘सतरावी ते अर्धीच छापेल शे.’
‘आते पुरी व्हयनी.’

तो पुढे काही बोलला नाही.
ताटली बोटाने निपटली,
मग ते बोट बराच वेळ
दिव्याच्या उजेडात धरून बसला,
शाई आणि गूळ, दोन्ही चिकट.

आखाजीला त्या वर्षी
पुरणात मीठच जास्त होतं.