मोज्याची बंडी

मूळ चूक कूलरची नव्हती.
पाणी भरायचं मीच विसरले.
सत्तेचाळीस अंश होते त्या दुपारी
आणि मी सक्करदऱ्याच्या दुकानात
कुण्या नवरीच्या ब्लाउजला
सहावा हुक लावत होते.

घरी आले तर मुळी लांब होऊन पडलेली,
आणि सांबार तिचा कान चाटत बसलेला,
वाळलेला कान, पुन्हा पुन्हा.

दहा दिवसांनी त्याच्या डाव्या मांडीवर
रुपयाएवढं टक्कल दिसलं.
मग त्यात लाल.
मला वाटलं, मांजर येते.
रात्रभर स्टुलावर जागले.
मांजर नव्हती.
तोच होता. शांतपणे,
टाका उसवावा तसा,
एकेक केस, मग कातडी.

निखाडेबाई म्हणाल्या, "हळद दाब माय,
काहून घाबरून राहिली?"
हळद चाटून त्याचं तोंड पिवळं झालं.
मग दादांच्या छातीची जुनी एक्स-रे फिल्म कापून
कॉलर केली.
त्यांच्या बरगड्या त्याच्या मानेभोवती गोल वाकल्या.
तो भिंतीवर आपटत राहिला,
दोन वेळचं खाणं तसंच.

सेमिनरी हिल्सला, दवाखान्यात,
कोल्हापूरकडच्या इंगवले डॉक्टरांनी
केसपेपरवर नाव लिहिता लिहिता विचारलं,
"सांबार? इडलीबरोबरचं?"
"नाही हो. आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात.
जुडी देठासकट संपवतो."
त्या हसल्या, आणि हसता हसताच
कॉलर काढून टाकली.
"पहाटे त्याला स्वतःची मऊ लेंडी खायची असते.
तोंड तिथवर पोचलं नाही तर पोट बिघडतं."

भोवतीचे केस कापले.
सलाइननं धुतलं. "पुसायचं नाही, टिपायचं.
आणि माशी बसू देऊ नका,
या उन्हात एका दिवसात अळ्या होतात.
माणसांचं मलम तर मुळीच नको."

मुळीच.
त्या शब्दाशी मी अडखळले.

त्यांनी दिव्याखाली केस विंचरून पिसवा शोधल्या,
दात पाहिले, मांडीचं हाड दाबून पाहिलं.
काही नव्हतं.
"एकटाच असतो का?"
मी टेबलाकडे बघत राहिले.
माझं मधलं बोट, नखाच्या कडेला सोललेलं,
मुठीत घेतलं. उशीर झाला होता.
बाईंनी पाहिलं,
कात्री पुसली,
आणि मांडी झाकायला काहीतरी शिवा म्हणाल्या.

निखाडेबाईंच्या नातवाचा फुटबॉलचा मोजा.
टाच उडवली, पुढच्या पायांना दोन भोकं,
कडा दुमडल्या.
शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली, आत टोचू नये म्हणून.
तीस वर्षांत पहिल्यांदा
उलटी बाजू मी वर घेतली.

घातली तेव्हा तो जमिनीला चिकटून बसला,
जणू कुणी पकडून ठेवलंय.
तासाभरानं एक कान हलला.

आता कूलरमध्ये तीनदा पाणी.
गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या पाठीशी.
पिंजऱ्यावर मच्छरदाणी.
सकाळ-संध्याकाळ बंडी वर सरकवून सलाइन,
आणि कुरतडायला पुठ्ठ्याची खोकी,
ब्लाउजपीसांची, दुकानातून आणलेली.
चौथ्या दिवशी त्यानं खोकं सोडून बंडीच धरली.
धागा पोटात जाईल म्हणून लगेच काढली,
नवी शिवली, घट्ट विणीची.
अशा तीन झाल्या.

जखमेवर पापुद्रा धरलाय.
रात्री कधी तो मान वळवतो मांडीकडे,
तोंड कापडाला लागतं,
थांबतो.
मी त्याच्या कपाळावरून हात फिरवते,
मुळी जिथे चाटायची तिथे.
डोळे मिटतो, कधी मिटत नाही.

मापाच्या वहीत, दोन नवऱ्यांच्या मध्ये,
लिहून ठेवलंय:
सांबार. छाती साडेअकरा. लांबी नऊ.
शिलाईच्या पुढे रेघ.
द्यायची तारीख कोरी.

आणि मधल्या बोटाचं अंगुस्तान
मी हल्ली काढत नाही,
मशीन बंद झाल्यावरही.