किएरो पगार

माळ्यावरची जुनी खतावणी खाली काढली.
पहिल्या पानावर हळदकुंकवाची बोटं, श्री सिद्धनाथ प्रसन्न,
खाली कोइमतूरचा पत्ता, सन एकोणीसशे ब्याण्णव.
मागची निम्मी पानं कोरीच राहिलेली.
कागद चांगला. टाकायचा कशाला.

धनश्री रोज रात्री एक वाक्य पाठवते, तिच्याच आवाजात,
मागं तिथली कुठलीशी घंटा वाजत असते.
मी ते माझ्या अक्षरात उतरवून घेते.
डावीकडं जमा, उजवीकडं नावे:
सकाळी दूध तापेस्तोवर तोंडात राहिलं ते जमा,
बाकीचं नावे.
नावे फार झालंय.

क्वांतो क्वेस्ता. केवढ्याला दिलं.
मुय कारो. लई महाग.
"पण आई, इथं घासाघीस नसते, भाव पाटीवरच लिहिलेला."
मग शिकवतेस कशाला?
"मनातल्या मनात म्हणायला."

तशी परक्या भाषेत भाजी मागायची मला सवय आहे.
लग्न होऊन विट्याहून गेले ती थेट गलाईच्या गल्लीत.
ॲसिडचा वास, भट्टी, पार्टिशनच्या अलीकडं आम्ही, पलीकडं कामाची पोरं.
ह्यांची तमिळ सोन्याची: टंच किती, घट किती.
माझी तमिळ राक्कम्माच्या टोपलीतली.
तिनं मला आधी 'वेण्डाम' शिकवलं. नको.
नको म्हणता आलं की बाईमाणूस निम्मं गाव एकटं फिरून येतं.
'एव्वळवु' नंतर. कितीला.
ती बोटं वर करायची, मी त्यातलं एक खाली दाबायची.
व्याकरण तेवढंच.

आता इथल्या बाजारात सराव करते.
ताजुद्दीन बागवानाला म्हटलं, मेदिओ किलो.
"मिडियम संपली, मावशी. ही मोठी बघा, आटपाडीची हायत."
डाळिंबाला तिकडं ग्रानादा म्हणतात,
पोरगी राहते त्या शहराचं नावही तेच.
सात वर्षं तिचं गाव जिभेवर येत नव्हतं माझ्या,
घरात दाणे सोलत होते सगळा वेळ.

काल हॉटेलातलं वाक्य आलं.
किएरो पगार.
अर्थ: मला पैसे द्यायचेत.
तीनदा ऐकलं. तीनदा ऐकू आलं, मला पगार हवाय.

पानं उलटत मागं गेले.
नाथा, बबन, लेंगऱ्याचा शिवाजी, दोघं सुतार भाऊ,
प्रत्येकाच्या नावाचं पान, महिन्याचा आकडा, उचल, सही, नाहीतर अंगठा.
त्यांच्या दोन वेळच्या भाकऱ्या मी थापल्या,
ॲसिडनं भोकं पडलेले सदरे धुतले,
बबनला कावीळ झाली तेव्हा एकवीस दिवस पथ्याचं केलं.
माझ्या नावाचं पान सापडलं नाही.
सापडेल असं वाटलंही नव्हतं.
तरी शेवटपर्यंत उलटलं.

मग मोठ्यानं म्हटलं, किएरो पगार.
कट्ट्यावरनं हे म्हणाले, काय म्हणतीस?
स्पॅनिश.
म्हंजे?
म्हटलं, पैसे द्यायचेत.
"कुणाचे?"

पेपर खाली ठेवून विचारलं त्यांनी,
खरंच कुणाचं राहिलंय का, अशा आवाजात.
ह्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाची गुंजभर बाकी ठेवली नाही.
सांगितलं असतं तर लगेच उठले असते.
मी सांगितलं नाही.

वाक्य कुठल्या बाजूला लिहावं कळेना.
आधी नावे लिहिलं. मग जमेतही लिहिलं.
पेन जरा दाबून.

उद्याचा धडा, संडास कुठं आहे.
दोंदे एस्ता एल बान्यो.
मुंबईहून पुढं सगळा प्रवास एकटीचा,
हे आधी पाठ पाहिजे.