पाण्याची वेळ

कन्नमवार नगरात आमचा एकांकिका महोत्सव,
वर्ष सहावं.
खुर्च्या एकशे ऐंशी, भाड्याच्या.
पहिल्या रात्री माणसं एकतीस,
त्यातली चौदा पुढच्या एकांकिकेची,
अर्धा मेकअप लावून बसलेली.
मी दारावर, तिकिटं फाडायला.
तिकिटांपेक्षा डासच जास्त मारले.

कमिटीची बैठक विंगेतच बसली.
शिरसेकर म्हणाले, मालिकेतला एखादा चेहरा आणू, फीत कापायला.
भुवड म्हणाले, तिकीटच नको, फुकट ठेवा.
फुकट ठेवलं होतं की चौथ्या वर्षी.
लोक आले, पंख्याखाली बसले,
आणि नायिकेनं विषाची बाटली उघडली तसे उठले,
बाहेरचे वडे संपतील म्हणून.
कुणी म्हणालं, बॅनर लहान पडला.
बॅनर चांगला वीस फुटी होता,
फक्त नाटकाचं नाव
नगरसेवकाच्या हनुवटीखाली गेलं होतं.

मी गप्प. मला कुणी विचारलं नव्हतं.
फिलोमिनालाही नव्हतं विचारलं,
पण ती झाडू मारता मारता बोलली:
"सातला तुम्ही पडदा उघडता.
सातलाच नळाला पाणी येतं, पाऊण तास.
रिकामं पिंप घरात टाकून
कोण येणार तुमचं दुःख बघायला?"

विंगेत जी शांतता पसरली,
ती सहा वर्षांत
आमच्या एकाही दिग्दर्शकाला जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं लिहिलं:
पडदा सव्वाआठला. पाणी भरून या.

आली माणसं. हाऊसफुल्ल वगैरे नाही,
एकशे बारा मोजली, आणि कडेवरची सात.
साड्यांचे काठ ओले, हात अजून गार,
तिकीट देताना बोटांना कळत होतं.
वनमालाबाई पहिल्या रांगेत,
सुनेनं घातलेली पोलिसाची टोपी
सरळ आहे की नाही बघत.

मग नौशादचं ते वाक्य आलं,
ज्यावर त्यानं दोन महिने घाम गाळला होता:
"आई, घरात पाण्याचा थेंब नाही गं..."
तिसऱ्या रांगेतून कुणीतरी:
"भरलंय रे बाबा, आत्ताच भरून आले!"

हॉल फुटला हसून.
नौशाद थांबला. पुढचं विसरला असावा.
हसू ओसरलं, तरी तो उभाच,
आणि एकशे बारा माणसं
त्याच्यासाठी थांबली.
एकही खुर्ची वाजली नाही.

वहीत आकडा लिहून मी कुलूप लावलं.
शनिवारी पाणीकपात आहे.
टँकर कधी येईल कुणाला ठाऊक नाही.
पडदा त्यालाच विचारून.