नळीच्या या टोकाला

आमच्या मागे वाळवंट. आजोबांच्या वेळेपासून
तिथे पाऊस नाही, नुसतं धुकं.
पुढे दर्या. मध्ये अकरा घरं
आणि वाळूवर सुकत घातलेलं उइरो,
तपकिरी, चामड्याच्या पट्ट्यांसारखं.
किलोवर जातं. परदेशी कारखान्यात त्याचं काय होतं
ते नीट कुणी सांगत नाही.
कुणी म्हणतं आइस्क्रीम, कुणी टूथपेस्ट.

मी नोल्फा. माझं काम नळी धरणं.
कॉम्प्रेसर डुगडुगतो, पिवळी नळी खाली जाते,
दुसऱ्या टोकाला दातात हवा धरून
माझा भाऊ, एरास्मो.
एक हिसका: ठीक. दोन: नळी सोड.
तीन: ओढ, मागचापुढचा विचार न करता ओढ.
बावीस वर्षांत तीन हिसके दोनदाच आले.
पहिल्या वेळी त्याचा डावा कान गेला.
दुसऱ्या वेळचं सांगते.

त्याआधी पहार होती.
खडकाला चिकटलेलं ते मूळ –
मायते म्हणते मूळ नव्हे, मूठ;
मूळ पाणी पितं, मूठ नुसती धरते –
ती मूठ उचकटायची, पोतं भरायचं.
तिच्यात राहणारे खेकडे, गोगलगायी, कसली कसली अंडी
होडीत सांडायची.
मी झाडूने परत लोटायची.
एका हंगामात एरास्मो वर येऊन म्हणाला,
खाली हजामत झालीय.
मग शिंपले गेले, मग मासे,
मग ओसोरियोची होडी विकली गेली.

मायते आली राजधानीतून,
प्लॅस्टिकच्या नळ्यांची चौकट घेऊन,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
ही तळावर ठेव, आत जे असेल ते मोज.
एरास्मो हसला. दर्याला कसली चौकट?
पण पेट्रोलचे पैसे ती देणार होती.
पाटीवर पेन्सिलीने लिहून आणायचा:
शून्य. शून्य. काटेगोळे चाळीस. शून्य.
शाळेत कधी एवढा खरा बोलला नव्हता.

जूनमध्ये, पाणी हाडात शिरत असताना,
तीन हिसके.
ओढलं. तळहाताची सालटी निघाली.
वर आला तर मास्क कपाळावर, हात रिकामे,
आणि गडी हसतोय.
आलीत, म्हणाला. बोटाएवढी.
एका चौकटीत एकोणीस.
मी त्याला आईवरून शिवी दिली.
आई आमची एकच, तरी दिली.

तू बघ ना, म्हणाला, आणि परत खाली गेला.
बावीस वर्षं नळी धरली,
पाण्यात तोंड एकदाही घातलं नव्हतं.
नळी धरणाऱ्याने दुसरीकडे बघायचं नसतं.
मायतेच्या हाती नळी दिली, मास्क चढवला,
होडीच्या काठावर पालथी झाले.

सात वाव पाणी. तळ दिसला नाही.
हिरवट गढूळ, त्यात खाली खाली जाणारी पिवळी रेघ,
आणि तिला धरून वर येणारे बुडबुडे,
त्याच्या छातीतून निघालेले,
माझ्या गालावर फुटत होते.
एकोणीसपर्यंत तेच मोजले.
मग मोजणं राहून गेलं.

डोकं वर काढलं तर मायतेची बोटं पांढरीफटक,
नळी दोन्ही मुठींत आवळलेली.
सैल धर, पोरी, म्हटलं.
श्वास आहे तो, दावं नाही.