पाय मोडका क

डाव्या पायाला माझ्या आयुष्यात तसं काही काम नव्हतं.
माप उजव्याने लवंडलं,
देवळाची पायरी उजव्याने,
नव्या घराचा उंबरा उजव्याने.
डावा मागून येत गेला.
त्याला कुणी विचारलं नाही, बाबा, वाटेत काही टोचलं का.

आता एक्कावन्नाव्या वर्षी
न्हानू मळीक म्हणतो,
"बाई, सगळें दाव्या पायांत आसा."

न्हानूने बावीस वर्षं टिपर चालवला,
सुर्लच्या खाणीवरून सारमानसच्या जेटीवर,
दिवसाला सहा खेपा, कधी आठ.
खाणी बंद पडल्या तेव्हा टिपर माडाखाली लावला,
अजून तिथेच आहे.
केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
मला तो शिकवतो जुन्या अल्टोवर,
ट्रक रांगेने उभे राहायचे त्या लाल मैदानात.

माझी बदली दिवाडीच्या शाळेत झाली.
बसचं आणि फेरीचं आपसात पटत नाही.
म्हणून गाडी.

पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडली.
पोरं बॅट टेकून मोजत होती.
त्यातला साईश माझ्याच हाताखालून गेलेला,
वर्षभर त्याने प्रकाशचा परकाश केला
आणि वर्षभर मी त्याच्या वहीत लाल शाई सांडली.
अकराव्यांदाही तो हसला नाही.
ते जास्त लागलं.

"क्लच सोडचो न्हय, बाई.
पावण्याक निरोप दितात तसो दिवचो."
म्हणजे दारापर्यंत जायचं,
मग अंगणापर्यंत,
मग फाटकाशी उभं राहून उगाच थोडं बोलायचं,
भाताचं, पावसाचं, कुणाच्या गुडघ्याचं.
ते जे फाटकाशी उभं राहणं,
गाडी तिथे हलते.

रात्री वह्या तपासताना लक्षात आलं,
अगं, हे जोडाक्षर आहे.
तीस वर्षं फळ्यासमोर सांगत आले,
क चा पाय मोडा.
आता तो एकटा उभा राहू शकत नाही,
ल ला टेकतो.
मागे अक्षर असेल तर जोर त्याच्यावर पडतो.
हे सांगताना माझे दोन्ही पाय
टेबलाखाली चपलेतून बाहेर, निवांत असायचे.

लायसन्स आलं. न्हानू उतरला.

नार्व्याहून फेरीत गाडी घालणं सोपं, उतार आहे.
कठीण पलीकडे.
सुकती होती, पाणी खाली गेलेलं,
दिवाडीचा धक्का भिंतीसारखा वर.
पुढची चाकं बेटावर, मागची अजून बोटीवर,
आणि गाडी बंद.
मागे गॅस सिलिंडरचा टेम्पो.
फेरीवाल्याची शिट्टी.
पुन्हा चालू, पुन्हा बंद.
या वेळी वीतभर मागे घसरले
आणि टेम्पोवाला आत बसल्या बसल्या
छातीला हात लावून पुटपुटला, आरशात दिसलं.

हँडब्रेक. पहिला गिअर.
डावा पाय वर येऊ लागला, पोटरी थरथरत,
आणि एका जागी
इंजिनाचा आवाज घोगरा झाला,
बॉनेट जरासं वर उचललं,
गाडी पुढे जाईना, मागेही येईना.
तिथे मी थांबले.
किती वेळ, सांगता येणार नाही.
शिट्टी वाजत होती, पण ती दुसऱ्या कुणासाठी असावी
असं वाटण्याइतका.
मोडका क ल ला टेकून उभा होता,
चाललं होतं त्यांचं.

मग हँडब्रेक खाली केला.

शाळेत आठ मिनिटं उशीर.
तिसरीच्या वर्गात पाय दिवसभर आपोआप दाबत राहिला,
फरशीत क्लच असल्यासारखा.

एक राहिलं.
या अल्टोचा रिव्हर्स पडत नाही,
म्हापशाहून पार्ट यायचा आहे, कधीचा.
शाळा सुटली की चौथीची मुलं
ओरडत, दप्तरं टाकून, गाडी ढकलत मागे नेतात,
तोंड फेरीकडे वळवून देतात.
मी आत न्यूट्रलमध्ये बसते,
स्टिअरिंग फिरवत.
डाव्या पायाला तेवढी सुट्टी.